तीनशे तेरा माणसं, एक नंबर

तिला सगळे खिडकीताई म्हणत. दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत एकोणीस वर्षं बसल्यावर माणसाचं खरं नाव कोण लक्षात ठेवतं? दवाखाना तरी केवढा, तीन खोल्यांचा. एकीत डॉक्टरीणबाई, आठवड्यातून चार दिवस. दुसरीत मलमपट्टी. तिसरीत औषधांची कपाटं आणि त्या कपाटांइतकाच जुना कंपाउंडर. ताई सकाळी यायची, कॉम्प्युटरवरचं फडकं काढायची, मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची आणि पहिल्या माणसाला विचारायची, "काय होतंय?" हे विचारणं तिचं काम नव्हतं. तिचं काम नाव, वय, पत्ता आणि फोन नंबर लिहिण्याचं. पण आल्या आल्या नुसतं नाव विचारलं की आजारी माणूस आणखीच बावरतं, असं ती म्हणायची.

फोनचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, असा वरचा नियम. म्हणून ज्याच्याकडे फोन नसेल त्याच्या नावापुढे दवाखान्याचाच नंबर लिहायचा, ही तिच्या आधीच्या बाईंपासून चालत आलेली पद्धत. तिनेही ती कधी मोडली नाही. मोडण्यासारखं त्यात काही आहे, असं तिच्या मनातही आलं नाही.

मग एक दिवस आरोग्य विभागाचं पत्र आलं. दवाखान्याचा वापर कमी आहे, सबब तो पुलापलीकडच्या मोठ्या इस्पितळात विलीन करायचा विचार आहे. महिनाभर लोकांनी ऑनलाइन फॉर्म भरून आपलं मत कळवावं.

कंपाउंडरने पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "उंटावरून शेळ्या हाकत होते, ते काय कमी होतं? आता इंटरनेटवरून हाकणार."

"फॉर्म तर फॉर्म," ताई म्हणाली. "लोक येतात हे त्यांना दिसलं पाहिजे, बस्स."

दिसण्याचीच तर अडचण होती. भरलेले फॉर्म एका लांबलचक तक्त्यात जाऊन पडत. एका माणसाची एक ओळ. विभागाचे साहेब येऊन गेले, तेव्हा त्यांनी तो तक्ता बोटाने वर सरकवला, खाली सरकवला आणि ठेवून दिला. म्हणाले, "बाई, बैठकीत एवढं कोण वाचणार? दोन मिनिटांत कळेल असं काहीतरी हवं."

ताईने ते मनावर घेतलं. पाच वर्षांपूर्वी तिने संध्याकाळच्या वर्गात वेब पानं बनवायचं शिक्षण घेतलं होतं, तेही बढती मिळेल या आशेने. बढती मिळाली नाही, वही मात्र राहिली. ती वही तिने माळ्यावरून काढली. दुपारी खिडकी तासभर बंद असायची, तेव्हा डबा एका बाजूला ठेवून ती कोड लिहायची. पान उघडलं की त्याने आपणहून तक्त्यातल्या ओळी वाचायच्या, गल्लीनुसार वेगळ्या करायच्या आणि प्रत्येक गल्लीची एक निळी पट्टी काढायची. जितके लोक तितकी पट्टी लांब. बाकी काही नाही.

घरी थोरली जाऊ म्हणाली, "आयुष्यभर एक खिडकी पुरली नाही का, म्हणून आता या दुसऱ्या उघडतेस?"

"जाऊबाई, तुमची गुडघ्याची गोळी कुठून येते?"

"ते खरं गं. पण पट्ट्या काढून दवाखाने वाचले असते तर आणखी काय हवं होतं?"

नवव्या दिवशी पहिली पट्टी पडद्यावर उमटली. ताईने कंपाउंडरला हाक मारली. तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "आमच्या गल्लीची छान लांब दिसतेय. मी चार वेळा भरलाय फॉर्म."

"चार वेळा?"

"चांगल्या कामाला हात आखडता का घ्यायचा?"

ताईला राग आला. "दादा, खोट्याच्या कुबड्या घेऊन उभं राहायचं असेल तर मी नाही त्यात. वर तोंड कसं दाखवायचं?" हे वर म्हणजे साहेबांना नव्हे, हे त्याला कळलं. तो मुकाट्याने कपाटांकडे वळला. विभागाच्या तक्त्यातल्या ओळी पुसायचा अधिकार तिला नव्हता. म्हणून तिने पानाच्या कोडमध्येच एक ओळ घातली: एक फोन नंबर कितीही वेळा आला तरी एकदाच मोजायचा. त्या दिवशी तिला फार हलकं वाटलं. आता आकड्याला कोणी नावं ठेवणार नव्हतं.

पुढच्या दोन आठवड्यांत ती खिडकीतून हलली नाही. ज्यांना फोन वापरता येत नव्हता त्यांना एकेकाला समोर बसवायची, प्रश्न वाचून दाखवायची, ते सांगतील ते भरायची. दहा आकडे घातल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसे. फोन नसला की तिची बोटं एकोणीस वर्षांच्या सवयीने दवाखान्याचा नंबर टाकून मोकळी व्हायची. लकवा मारलेला शिंपी आला, मधुमेहाच्या आजी आल्या, दोन आंधळ्या बहिणी एकमेकींचा हात धरून आल्या.

रोज निघताना ती पान उघडून बघायची. पट्ट्या भरलेल्या दिसायच्या. सगळ्यात लांब पट्टीने पडद्याची पूर्ण रुंदी घ्यायची, असं तिनेच ठरवलं होतं, त्यामुळे माणसं पाच असोत की पाचशे, ती पट्टी भरलेलीच दिसणार. एकूण आकडा खाली बारीक अक्षरात होता. तिथवर तिची नजर गेली नाही.

तो आकडा बैठकीत, ताई आणि कंपाउंडरसमोर, साहेबांनी वाचला. "एकूण सत्तावन्न."

ताईला वाटलं, त्यांनी चुकून दुसरंच पान उघडलं. मग लख्खकन कळलं. ती उठली. "साहेब, एक मिनिट. माझी चूक आहे." एक नंबर एकदाच मोजणारी ती ओळ तिने सगळ्यांसमोर काढून टाकली आणि पान पुन्हा उघडलं. तीनशे बहात्तर.

साहेबांनी मूळ तक्ता मागवला आणि नंबरांवरून सावकाश बोट फिरवलं. "यातले तीनशे तेरा एकाच नंबरचे. हा नंबर कोणाचा?"

"दवाखान्याचा."

"भरले कोणी?"

"मी. पण माणसं खरी आहेत, साहेब. रजिस्टरात एकेकाचं नाव आहे."

"रजिस्टर कोण लिहितं?"

"मीच," ताई म्हणाली.

"आणि हा एक नंबर चार वेळा आलाय," साहेब म्हणाले. कंपाउंडरने मान खाली घातली. साहेब वाईट माणूस नव्हते. आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाई, मला पटतंय तुमचं. पण जिची नोकरी तिथे, तिनेच तीनशे तेरा फॉर्म भरले, हे मी वर कसं नेऊ? नियम तुम्ही घातला, तुम्हीच काढला. आता दोन्ही आकडे गेले."

"आठ दिवस द्या. सगळ्यांना प्रत्यक्ष घेऊन येते."

"मुदत काल संपली."

बाहेर आल्यावर कंपाउंडर म्हणाला, "ताई, मी ते चार भरले नसते तर तू तो नियम घातला नसतास."

"नसता घातला तरी नंबर एकच होता, दादा." ती त्याला धीर द्यायला म्हणाली खरी, पण आपण खरं बोलतोय हे बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं.

महिन्याच्या शेवटी दवाखाना बंद झाला. ताईची बदली मोठ्या इस्पितळाच्या नोंदी ठेवायच्या खोलीत झाली. तळघरातली खोली, तिथे रोगी येतच नाहीत. जायच्या आधीचे चार दिवस ती खिडकीत बसून चिठ्ठ्या लिहीत होती. कुठली बस, कुठे बदलायची, कितव्या मजल्यावर जायचं.

मधुमेहाच्या आजींनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. त्यांना वाचता येत नव्हतं. "तू माझा फॉर्म भरला होतास ना?"

"भरला होता, आजी."

"मग माझं म्हणणं पोचलं नाही का?"

"नाही पोचलं." कारण सांगायला तिने तोंड उघडलं, पण नंबर, नियम, पट्ट्या हे आजींना काय सांगायचं? "माझ्याकडून चुकलं," एवढंच ती म्हणाली.

आजींनी तिच्या हातावर हात ठेवला. "चुकायचंच गं. दोन बसा काही मला जमायच्या नाहीत. गोळ्या घेईन आहेत तितके दिवस. देव बघून घेईल."

ताई रोज सकाळी ज्याचं नाव घ्यायची, त्याचंच नाव आजींनी घेतलं होतं. तिला होकार देता येईना. कंपाउंडरने कपाटातल्या उरलेल्या गोळ्या एका पाकिटात भरल्या. वीस दिवसांच्या निघाल्या. आजींनी पाकीट पदराला बांधलं, चिठ्ठी खिडकीतच ठेवली आणि त्या भिंतीला धरून धरून बाहेर गेल्या.