करीमचाचांना मी पाहुणा केलं

मित्रांनो, आज तुमच्यातले जे मळ्यात आले नाहीत, ते सुटले. माझी खाली गेलेली मान त्यांना पाहावी लागली नाही.

जळगावातल्या आपल्या पेठेतले मारवाडी, गुजराती, पाटील, मुसलमान दर थंडीत एकत्र भरीत करतात. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळात भाजलेली गरम वांगी सोलायचं काम बारा वर्षं करीमचाचा पिंजाऱ्यांचं. कापूस पिंजून त्यांची बोटं इतकी निबर झालीत की चटका लागत नाही.

फाळणीनंतरची ही पहिलीच पंगत. चाचा बाह्या सरसावून जाळाजवळ आले, तेवढ्यात एकजण माझ्या कानाशी पुटपुटला, "यंदा त्यांच्या हातचं नको."

चौकाचौकांत ‘हा देश सर्वांचा’ अशी गर्जना करणारा मी! त्याला तिथेच खडसवायला हवं होतं. पण उगाच वाद नको, म्हणून मी हसून म्हणालो, "चाचा, आज तुम्ही बसा. तुम्ही आमचे पाहुणे."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "भाऊ, मी पाव्हना कव्हय व्हयनू? मन्हा बाप आठेच पुरेल शे." खरंच, ज्यांचा बाप इथेच पुरलाय, ते पाहुणे कधी झाले?

चाचांनी बाह्या खाली केल्या आणि न जेवता ते घरी गेले.

उद्या सकाळी मी त्यांच्या दारी जाणार आहे. माफी मागता येईल. पण जे गाव त्यांचंच आहे, ते त्यांना परत देणारा मी कोण?

तुमच्यापैकी कोण येतंय माझ्याबरोबर?