बाबांच्या तोंडी माझं वाक्य

"मिस्टर पेंटर, फ्रेंडली इज नॉट अ‍ॅन अ‍ॅडव्हर्ब!"

मुख्याध्यापिका माइकवरून म्हणाल्या. अख्खा हॉल हसला.

डोंबिवलीतली इंग्रजी शाळा. पालकसभा. प्रत्येकाने आपल्या मुलाबद्दल इंग्रजीत बोलायचं होतं. माझे बाबा ठाण्यात बिल्डिंगी रंगवायचे. माजिवड्याच्या टॉवरवर झुल्यात लटकून त्यांनी घोकलेलं, "आय अ‍ॅम पेंटर. माय डॉटर बिहेव्ज फ्रेंडली विथ एव्हरीवन."

वाक्य माझं होतं. मी सातवीत. वर्गात टीचरने शिकवलेलं, शेवटी एलवाय आलं की अ‍ॅडव्हर्ब. क्विकली, स्लोली. मग फ्रेंडलीही तसंच ना? मीच बाबांना म्हणालेले, "बिनधास्त बोला."

बाबांनी हात जोडले. "सॉरी मॅडम."

पुढच्या रांगेतली कुणाची तरी आई म्हणाली, "सो क्यूट!"

बाबा पुन्हा सॉरी म्हणाले. आणि हसले. सगळ्यांसोबत. स्वतःवरच.

मी उठले.

"मॅडम, वाक्य माझं आहे. एलवायचा नियम याच शाळेत शिकवलाय. हसायचं तर मला हसा."

"अगं, वुई आर जस्ट जोकिंग. सिट डाउन."

"नाही बसणार. आधी बाबांना सॉरी म्हणा."

त्यांनी पुढच्या पालकांचं नाव पुकारलं. सभा संपेपर्यंत मी उभीच राहिले.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "कशाला गं बोललीस? मीच काहीतरी वेगळं म्हणालो असेन. तुझं कसं चुकेल?"

ते जिव्हारी लागलं. हॉलमधल्या हसण्यापेक्षा जास्त.

आज मी कल्याणला मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. फ्रेंडली, लव्हली, लोन्ली, कॉस्टली. दिसतात अ‍ॅडव्हर्बसारखी, पण आहेत विशेषणं. फ्रेंडली पर्सन चालतं. वागण्याबद्दल सांगायचं तर 'बिहेव्ज इन अ फ्रेंडली वे'. एवढंच. समजावायला फार वेळ लागत नाही. त्या दिवशीही लागला नसता.

बाबांनी पुन्हा इंग्रजीत तोंड उघडलं नाही. बँकेत, दवाखान्यात मलाच पुढे करतात. "तू बोल." मी बोलते, आणि आत काहीतरी टोचत राहतं. चूक माझी होती, जीभ त्यांची गेली. ती मला परत आणता आली नाही.

परवा वर्गात एका मावशींच्या वाक्याला एक साहेब खो खो हसले. मी त्यांची फी परत केली आणि दार दाखवलं. उद्या दुसरा हसला तर तोही जाईल. वर्ग रिकामा पडला तरी चालेल.