आत्याची जीभ

माझी आत्या दूध संकलन केंद्रावर चव घ्यायची. फॅट मोजायला यंत्र होतं, ते मी चालवायचे. पण कॅन टाकीत ओतायचा की परत पाठवायचा, हे आत्याची जीभ ठरवायची. घोट तोंडात घोळवून ती थुंकायची आणि गवळ्याला फैलावर घ्यायची. "धारेच्या आधी कोबीचा पाला घातलास ना? वास दुधात उतरतो. धार काढून झाल्यावर घाल, कितीदा सांगू!" पुढे पुढे गवळी आपणहूनच कबुली द्यायला लागले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मग तिला जबर सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेली. हे तिने फक्त मला सांगितलं, तेही भांडी घासताना, नळ मोठा सोडून. "कुणाजवळ बोललीस तर बघ! दुसरं काय येतंय मला?"

तिने युक्ती काढली. घोट घ्यायची, डोळे बारीक करायची आणि विचारायची, "काय घातलं होतंस?" हिला कळलंच असणार, असं समजून गवळी खरं सांगायचे. त्यावरून ती निकाल द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण तिने पेला उचलला की इकडे माझा जीव टांगणीला लागायचा.

एकदा नवा गवळी आला. त्याला हिचा धाक ठाऊक नव्हता. "वाळलं गवत," तो बेधडक म्हणाला. आत्याने मान डोलावली. कॅन टाकीत रिकामा झाला.

थोड्या वेळाने केंद्राच्या साहेबांनी टाकीतल्या दुधाचा चहा तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. ते टाकीतलं दूध पेल्यात घेऊन आले.

"बाई, हे तुम्ही पास केलंत? घ्या बघू चव."

सगळे गवळी बघत होते. आत्याने घोट घेतला, थुंकायचं विसरून गिळला, आणि पेला माझ्यापुढे सरकवला.

"तू घे. सांग मला."

मी घोट घेतला. "कांदा आहे गं."

"पात की सडका?"

मी पुन्हा तोंडात घोळवलं. पुन्हा एकदा. "नाही कळत, आत्या."

तेव्हा ती सगळ्यांसमोर रडली. "मग आता ओळखणार कोण गं?"