अर्ध्या बिलाची कुपनं

आमच्या मालकांच्या हाताला बत्तीस वर्षांत साखरेचा एक दाणा चिकटला न्हाय. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं ऐकून कोण त्यांना फुकट्या म्हणंल, आन् मग माझी सटकंल.

केरबा माझ्या नवऱ्याचं नाव. साखर कारखान्यात सभासदांच्या साखरेच्या खिडकीवर कारकून होतं. ऊस घालणाऱ्या सभासदाला दिवाळीला स्वस्तातली साखर मिळती. कुपन द्यायचं, साखर न्यायची. सभासद स्वतःच आला पायजे असं काय न्हाय. जावई येऊ दे, शेजारी येऊ दे, कुपन ज्याच्या हातात त्याला साखर. मालक दिवसभराची कुपनं गोळा करायचं, शंभर-शंभराचं गठ्ठं दोऱ्यानं बांधायचं आन् हेड ऑफिसला वर पाठवायचं. वर गेलं की भरपाई झाली, विषय संपला. कुणाचं कुपन पडून राहिलं तर हा माणूस सायकल मारत त्याच्या दारात जायचा, हक्काची साखर का सोडताय म्हणून. वाया गेलेलं कुपन त्यांना बघवायचंच न्हाय.

रिटायर झाल्यावर आम्ही कोल्हापुरात येऊन राहिलो. समोर शिवमूर्ती आप्पांचं घर. लिंगायत माणूस, भुसारी मालाचं दुकान. त्यांची लेक दानेश्वरी परदेशात स्वयंपाक शिकून आली आन् घराच्या तळमजल्यावर तिनं फ्रेंच हॉटेल काढलं. सहा टेबलं, पांढरी कापडं, भिंतीवर काचेचं दिवं. आप्पांनी जागा दिली ती एका अटीवर, आत अंडंसुद्धा यायचं न्हाय. आता कोल्हापूरच्या माणसाला जेवायला बोलवायचं आन् वर मटण न्हाय म्हणायचं, म्हंजे झालंच की कल्याण.

पोरगी तशी हुशार. उघडायच्या आधी घरोघरी फिरली आन् प्रत्येकाला पाच-पाच कुपनं देऊन आली. एका टेबलाला एक कुपन, बिल अर्धं, मुदत सहा महिन्यांची. गल्लीनं तोंड भरून कौतुक केलं आन् कुपनं कुणी फ्रीजवर ठेवली, कुणी टीव्हीखाली सारली.

पहिल्या रविवारी आम्ही दोघं गेलतो. सहा टेबलांत आमचं एकच भरलेलं. कांद्याचं सूप आलं, त्यावर पाव आन् वितळलेलं चीज. मग घावनासारखं पातळ कायतरी आलं, आत पालक भरलेला. मालकांनी चटणी मागितली, ती पोरीनं हसत वरनं आईकडनं आणून दिली. खरं सांगते, चव चांगली होती. पण मालकांचं ध्यान ताटात न्हवतंच, त्यांची नजर रिकाम्या टेबलांवर. घरी येऊन म्हणालं, असं रिकामं राहिलं तर पोरीचं हॉटेल बसंल, आपण कायतरी केलं पायजे.

दुसऱ्या दिवशी चहा झाला आन् निघालं गल्लीत. तुम्ही जात नसाल तर कुपनं द्या म्हणत दार न् दार फिरलं. धोंडुबाईंनी तर चपातीच्या डब्याखालचं कुपन तेलाच्या डागासकट काढून दिलं. आठवड्यात शंभराच्या वर जमली. गठ्ठा दोऱ्यानं बांधला आन् कपाटात ठेवला. मी हसले. मला वाटलं, बरं हाय, माणसाला उद्योग मिळाला.

मग काय विचारता. गडमुडशिंगीची माझी भावजय आठ माणसं घेऊन आली. आमची लेक क्रांती आजऱ्याला दिलेली, ती सासू-सासरा, दीर-जावा असं सगळं घेऊन दोनदा येऊन गेली. दर रविवारी आमची तीन-चार टेबलं, प्रत्येक टेबलाला नियमानं एक कुपन. बिल अर्धंच हाय म्हटल्यावर आग्रहाला काय तोटा? घ्या की अजून, लाजताय काय पावणं, असं म्हणत मालक दुप्पट मागवायचं. आन् मी? उरलेला पाव मी पिशवीतल्या डब्यात भरून आणायची. सकाळी चहाबरोबर खायला. हे सांगताना आता माझंच तोंड लपवावं वाटतं.

पोरीच्या चेहऱ्याकडं आम्ही बघितलंच न्हाय. आधी ती पळत बाहेर यायची, काका काय आवडलं म्हणून विचारायची. तिसऱ्या महिन्यात वाढणाऱ्या दोघींपैकी एक दिसंना. पाचव्या महिन्यात दुसरीबी गेली. पोरगी स्वतःच शिजवायची, वाढायची, टेबल पुसायची. मी मालकांना म्हटलंसुद्धा, बघा किती धंदा वाढलाय, पोरीला बसायला सवड न्हाय. अशी माझी अक्कल.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी पावणं पुढं गेलं आन् मालक गल्ल्यापाशी थांबलं. खाली ड्रॉवर उघडा होता, आत कुपनं नुसती कोंबलेली. मालकांना ते बघवंना. मायेनं म्हणालं, ही अशी ठेवायची नसतात बाळ, उद्या सकाळी मी येतो, शंभराचं गठ्ठं करून देतो, म्हंजे वर पाठवायला बरं.

दानेश्वरीनं हातातलं फडकं गल्ल्यावर ठेवलं.

"काका, वर कुठं पाठवू?" ती म्हणाली. "वर कोण न्हाय. मीच हाय."

मालकांना उमगंना. मग बिलाचं उरलेलं अर्धं कोण देतंय, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, कोण न्हाय, माझंच जातंय. रागानं न्हाय बोलली, दमलेल्या आवाजात बोलली. एकेक घर एकदा येऊन चव बघंल, पुढं आपणहून येईल, असं तिला वाटलं होतं. लगेच सावरून म्हणाली, पण तुम्ही येता ते बरं वाटतं काका. ते जास्त लागलं.

मालकांनी खिशात हात घातला. तिनं पैसं घेतलं न्हाईत. कुपन दिलंय, नियम तो नियम, म्हणाली.

घर वीस पावलांवर. मालक पायरीवर बसलं ते चपलासुद्धा काढंनात. आन् मी कशी, अशा वेळी गप बसायचं सोडून त्यांच्यावरच तुटून पडले. बत्तीस वर्षं कुपनं मोजली आन् एवढं कळलं न्हाय का, पोरीला लुटून खाल्लं तुम्ही, असलं काय काय बोलले. खरं तर पिशवीतला डबा माझ्याच मांडीवर होता. त्यांच्यावर ओरडलं की मला माझी लाज जरा कमी वाटत होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेली कुपनं बंबात घातली. त्यानंतर दूध आणायलासुद्धा मागच्या बोळानं जायला लागलं. आप्पांनी हाक मारली तर ऐकू आलं न्हाय असं दाखवायचं. बायकोसमोरसुद्धा मान वर करून जेवायचं न्हाईत. मला त्यांचं बघवंना.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी स्वतःच म्हणालं, जेवढी माणसं अर्ध्या बिलात जेवली, तेवढी परत बोलवायची. या खेपेला पुरं बिल द्यायचं. एकेक घर करून सगळी फेडायची. बँकेत जाऊन आलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला. गडमुडशिंगीला फोन केला आन् रविवारी भावजय आपली आठ माणसं घेऊन हजर झाली. आम्ही अकराजण तिच्या दारात.

काचेच्या दारातनं दानेश्वरीनं आम्हाला बघितलं. आधी मालक, मग मागची रांग. त्या पोरीचा चेहराच उतरला. ती हात पुसत दारात आली आन् दार अर्धवट धरून उभी राहिली.

"काका, आज जागा न्हाय."

तिच्या मागं कोपऱ्यात एक जोडपं बसलेलं. बाकी पाच टेबलं मोकळी. ती आमच्याकडं बघंना, आपल्या पायाकडं बघत होती. कानापर्यंत लाल झालेली.

माझी भावजय म्हणालीच, अवो रिकामंच दिसतंय की. मी तोंड उघडलं. कुपनं जाळली, पैसं खिशात हायत, पुरं बिल देणार हाय, सगळं जिभेवर आलेलं. तेवढ्यात मालकांनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली.

"व्हय की," ते तिला म्हणालं. "गर्दी हाय आज. बरं झालं बाळ."

आन् वळलं. पावण्यांना सांगितलं, फोन करून आधी बुक करावं लागतंय इथं, माझंच चुकलं.

कोपऱ्यावर आल्यावर मी हात सोडवला आन् विचारलं, एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? एवढं पैसं घेऊन आलो, तिला कळायला नको?

"कळलं असतं," मालक म्हणालं. "आन् मग आपल्याला खोटं सांगून दारातनं परत पाठवलं म्हणून ती पोरगी जन्मभर लाजली असती. राहू दे."