कमळांच्या फरश्या

काल नातवाच्या दारात ओल्या सिमेंटचा वास आला आणि मला माझी वरात आठवली.

नवरीचं पहिलं पाऊल शेणाच्या सारवणावर कशाला, म्हणून मी गोंदियाहून लाल कमळांच्या फरश्या आणून आमगावच्या घराच्या दारात ऐटीत बसवून घेतल्या होत्या.

नवरीने पाय उचलला आणि आई ओरडली, "थांब बाई! काऊन रे, लक्ष्मीच्या आसनावर सुनेले पाय ठेवायले लावतोस?"

पाय टेकायला एकही कोरी फरशी मी सोडली नव्हती. शेवटी नवरी गोठ्यातून घरात आली. वाटेत म्हशीने तिचा पदर चाखला.

तेव्हा मी आईवर चिडलो होतो, आता तिचंच पटतं. परवा नातू फरशी निवडायला निघाला, तेव्हा तीच नवरी, आता त्याची आजी, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आबाजीले घरीच ठेव."