बटणगुलाबाला दोघांचं पाणी

काजमावशींना शिवणकाम येत नव्हतं असं नाही, पण जन्मभर त्यांनी केली ती काजंच. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शिंप्याकडून कोट, सदरे, झगे त्यांच्याकडे यायचे आणि काज-बटण होऊन परत जायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, गॅलरीच्या दाराशी, पाय लांब करून त्या बसत. कापडाला कात्रीने चीर द्यायची आणि ती उसवू नये म्हणून तिच्या कडेकडेने टाके घालत फिरून यायचं. हात हे काम आपले आपण करत. मन तेवढं गॅलरीत जाऊन बसे.

गॅलरी तरी कसली, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने आतच थांबावं एवढी. तिथे एका पालथ्या खोक्यावर मातीची कुंडी होती आणि कुंडीत बटणगुलाब. वीतभर उंचीचं झाड, कोटाच्या बटणाएवढी फुलं. पण लहान म्हणून त्यात काही वगळलेलं नव्हतं. काटे होते, पानांच्या कडांना बारीक दाते होते, कळीखालची हिरवी पाती मोठ्या गुलाबासारखीच मागे वळलेली होती. काज करता करता मावशींचे डोळे अर्धवट मिटत आणि त्या झाडात शिरत. आपण मुंगीएवढ्या झालोय, डोक्यावर पानापानांतून हिरवा उजेड गळतोय, एका काट्याला पाठ टेकून आपण बसलोय आणि कुठेतरी खूप उंचावर एक फूल उघडतंय, असं त्यांना वाटे. मग सुई बोटात शिरायची आणि मावशी परत खोलीत यायच्या.

घरात दुसरं माणूस म्हणजे दादा, त्यांचा थोरला भाऊ. मावशींचे यजमान लवकर गेले, दादाने लग्नच केलं नाही. म्हणून भावाबहिणीचं घर झालं. दादाची सगळी नोकरी एका मोठ्या कापडदुकानात लिफ्ट चालवण्यात गेली. जाळीचं दार सारायचं, पितळी दांडा फिरवायचा आणि खणखणीत आवाजात सांगायचं, “दुसरा मजला! पडदे, चादरी, उशांचे अभ्रे!” तो निवृत्त झाला, आवाज झाला नाही. घरीही सगळं पुकारून व्हायचं. “दूध उतरवलंय!” “कडी लावलीय!” “गुलाबाला पाणी घातलंय!” आतून मावशी म्हणायच्या, “बरं.” ते “बरं” ऐकू आल्याशिवाय त्या घरात कुठलंही काम पुरं होत नसे.

मग दुकानाने लिफ्ट बदलली. नव्या लिफ्टमध्ये मजले सांगायला एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. दादा मुद्दाम जाऊन ऐकून आला. “आवाज गोड आहे,” तो म्हणाला. “पण चादरी तिसऱ्यावर हलवल्यात, आणि बाई अजून दुसऱ्यावरच विकतेय.” एवढं बोलून तो खिडकीशी बसला, जेवायलासुद्धा हाक मारावी लागली.

त्याच सुमाराला एकदा शिंपी घाईचे कोट घेऊन समोर बसला होता. मावशींची कात्री नेमकी कापडात होती आणि स्वयंपाकघरातून पुकारा आला, “चहा ठेवलाय!” हात हलला. चीर हवी त्याच्यापेक्षा लांब गेली.

“अरे दादा, ही लिफ्ट नाहीये!” मावशी कडाडल्या. “आणि आता तर लिफ्टलासुद्धा तुझी गरज राहिली नाही!”

शिंपी हसला. दादाही जरासा हसला. त्याने चहा गाळून आणला, कप दोघांपुढे ठेवले आणि आत गेला. त्या कपांबरोबर त्याने आपला आवाजही ठेवून दिला, तो पुन्हा उचललाच नाही.

घर शांत झालं. चहात साखर दोनदा पडू लागली, नाहीतर पडेचना. एकदा मावशी खाली गेलेल्या असताना दादाने आतून कडी घालून झोप काढली, आणि मावशी जिन्यात बसून कुणाच्या तरी सदऱ्याची काजं पुरी करत राहिल्या. आपलं चुकलं हे त्यांना ठाऊक होतं. पण बोलायला तोंड उघडलं की दादा पेपर उघडायचा, आणि पेपराशी कोण बोलणार?

तेवढ्यात बटणगुलाबाला कळी आली. मावशींनी मनाशी ठरवून टाकलं: ही उमलली की हाक मारायची, “दादा, ये रे, बघ.” माफीबिफी नको. फुलाचं निमित्त करायचं. फुलासाठी तो नक्की उठेल. त्या रोज कळीकडे बघत आणि ते चार शब्द मनातल्या मनात म्हणून पाहत.

पण झाडाची खालची पानं पिवळी पडू लागली. हात लावला की गळायची. कळीने मान टाकली. मावशींना वाटलं, तहानलंय बिचारं. दादाने पाणी घालणं सोडलेलं दिसतंय. माझा राग त्या मुक्या जिवावर काढतोय! त्या रोज सकाळी मगभर पाणी घालू लागल्या. झाड जास्तच कोमेजलं. त्यांनी पाणी वाढवलं. दुपारी डुलकी लागली की स्वप्नात जाळीची लिफ्ट वर वर जायची, एकेक मजला मागे पडायचा, आणि कुठल्या मजल्यावर उतरायचं ते सांगणारं कुणी नसायचं.

शेवटी एक पिवळं पान काड्यापेटीत घालून त्या रोपवाटिकेत गेल्या. तिथली बाई मोठी चेष्टेखोर होती.

“पेशंट कुठेय?” तिने विचारलं.

“घरी. हे पान आणलंय.”

तिने पान उजेडात धरलं. “मावशी, झाड लावलंय की भात? पाणी फार होतंय याला.”

“मी सकाळी एकदाच घालते हो.”

“मग घरात दुसरं कुणी घालतंय.”

“छे! दुसरं कुणी तिकडे बघतसुद्धा नाही.”

“न बघणारेच फार पाणी घालतात,” बाई म्हणाली. “घरी जाऊन मातीचा वास घ्या. आंबलेला आला तर झाड उपसा, कुजलेली मुळं कापा आणि वाळू घातलेल्या भुसभुशीत मातीत लावा. आणि ती कळी खुडा. जगायचं की फुलायचं, दोन्ही कामं त्याला आत्ता झेपणार नाहीत.”

कळी खुडायची! नव्या मातीची पिशवी घेऊन मावशी जिना चढत होत्या त्या त्याच विचारात. दार लोटलं तर समोर गॅलरीत दादा पाठमोरा उभा, हातात पत्र्याचा डबा, आणि डब्यातून कुंडीत पाण्याची धार.

चाहूल लागताच तो वळला. चोरी पकडली जावी तसा चेहरा झाला.

“पाणी घालतोय,” तो म्हणाला. इतक्या हळू की लिफ्टमध्ये असता तर शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं.

“मी सकाळीच घातलंय.”

“सकाळी? रोज?”

“रोज. आणि तू?”

“मीही रोजच. तू कपडे पोचवायला गेलीस की. मला वाटलं तू विसरतेस. वाळत चाललं होतं ना.”

“वाळत नव्हतं रे, बुडत होतं! मला सांगायचं नाही?”

प्रश्न तोंडातून गेला आणि मावशींनी जीभ चावली. खालच्या गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली. दादाने डबा खाली ठेवला.

“सांगणार होतो,” तो म्हणाला. “सवय मोडली.”

मावशींनी पदर खोचला, जमिनीवर जुने पेपर अंथरले आणि कुंडी आडवी केली. मातीचा गोळा बाहेर आला, त्याला साचलेल्या डबक्याचा वास होता. दोघांनी मिळून तो मगातल्या पाण्यात हलके हलके धुतला. माती सुटली तशी मुळंही सुटी झाली, आणि दादा एकदम खाली वाकला.

“चिमणे, हे एक झाड नाहीच! चार भाडेकरू आहेत एका खोलीत!”

खरंच, भरगच्च दिसावं म्हणून विकणाऱ्याने चार रोपं एकत्र खोचली होती. तिघांची मुळं काळी, बोटाने दाबली की साल निघून येत होती. चौथ्याच्या बुडाशी मात्र थोडी मुळं पांढरी होती. कळी त्याच्याच फांदीवर होती.

मावशींनी काजाची कात्री घेतली. कुजलेली तीन रोपं बाजूला काढली, चौथ्याची काळी मुळं कापली, कोंब फुटायचे दोन-दोन डोळे ठेवून फांद्या छाटल्या. कळीपाशी कात्री थांबली. इतके दिवस जिच्यावर त्यांची सगळी भिस्त होती, ती हीच. आता तिच्यामागे लपता येणार नव्हतं.

“दादा, त्या दिवशी मी शिंप्यासमोर बोलले ते...”

“खरं तेच बोललीस.”

“खरं असलं म्हणून बोलायचं असतं का?”

दादाने नवी माती चाळायला घेतली. मग म्हणाला, “काप ती कळी. नाहीतर म्हातारपणी आपण रडतोय आणि रोप मरतंय, असं व्हायचं.”

त्यांनी कळी कापली. दोघांनी रोप लहान कुंडीत लावलं. पाण्याचं खातं मावशींकडे राहिलं. दादाने फक्त माती बोटाने तपासायची असं ठरलं. त्यावरही तो भांडला. “बोट सुकं निघालं!” तो गॅलरीतून ओरडे, आणि मावशी आतून, “नीट आत खुपस, वरवर नको!”

रोपाने पुष्कळ दिवस काहीच केलं नाही. मग एका डोळ्यातून लालसर कोंब निघाला, टाचणीच्या डोक्याएवढा. पानं आली, आणि उन्हं कोवळी झाल्यावर एक फूल.

“गुलाबी,” दादा म्हणाला.

“डोळे तपासून घे. जर्दाळू रंग आहे.”

“जर्दाळू? पैज?”

मावशींनी दोऱ्यांच्या रिळांचा डबा आणला. एकेक रीळ फुलाशेजारी धरून पाहिलं. एक फार पिवळं, एक फार लाल, एक अगदीच निस्तेज. खालून शिंप्याने हाक मारली, “काजमावशी, कोट झाले का?”

“थांबा हो!” दोघंही एकदमच ओरडली.

“हे बघ, हे तंतोतंत,” दादाने एक रीळ पुढे केलं.

“उन्हात धर आधी. सावलीत काय, सगळंच गुलाबी दिसतं.”