बाईंच्याच हातात बंद पडणारी गाडी

चौकशीमास्तरांचा शाळेशी संबंध एवढाच, की शाळेची बस दुरुस्तीला त्यांच्याकडे यायची. मास्तर ही पदवी लोकांनी वैतागून दिली होती. बंद पडलेली गाडी ढकलत माणूस घामाघूम होऊन गॅरेजात यावा, आणि यांनी त्याला स्टूल देऊन विचारावं, रस्ता चढाचा होता का? काच उघडी होती का? गाडीत काय चाललं होतं?

“बायकोशी भांडत होतो!” एकदा एकाने सांगितलं.

“मोठ्याने?” मास्तरांनी विचारलं. इंजिनचा आवाज त्याला ऐकू गेला असता की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. गिऱ्हाईक मात्र उठून गेलं.

घरीही तीच तऱ्हा. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेले, तर भिंतीवरचं घड्याळ पुढे का पळतं ते बघायला त्यांनी ते खोललं आणि सगळ्यांची जेवणं खोळंबली. खोड काही जात नाही म्हणतात, ते खरं आहे. पण या खोडीवरच त्यांचं घर चालत होतं, हेही तितकंच खरं.

अशा या माणसाकडे लाँड्रीवाल्या बाईंचा मुलगा पिकअप घेऊन आला. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल रोज पहाटे टेकडीवर पोचवायची ती गाडी. आठवड्यात निम्मे दिवस आई चालवायची, निम्मे दिवस मुलगा.

“मास्तर, गाडी मध्येच बंद पडते. थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. पंप बदलला, सेन्सर बदलला. काही फरक नाही.”

“कधी बंद पडते?”

मुलगा जरा घुटमळला. “आई चालवते तेव्हाच. माझ्या हातात एकदाही नाही. आता वय झालं तिचं. क्लच कुठे, गिअर कुठे... मी ड्रायव्हर ठरवलाय. पुढच्या सोमवारपासून येईल.”

बाई शेजारीच उभ्या होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी याच गाडीवर हात बसवला, धंदा उभा केला आणि पोराला वाढवलं. आता तोच पोर त्यांच्यादेखत त्यांना सीटवरून उतरवत होता. त्यांनी नुसता पदर सारखा केला.

मास्तरांचे मात्र डोळे चमकले. एकाच्या हातात बंद पडते, दुसऱ्याच्या नाही! घरचं भांडण त्यांच्या कानाआड गेलं.

त्यांनी गाडीचे बिघाड वाचणारा स्कॅनर लावला. स्कॅनर कधी हवेच्या सेन्सरला दोष देई, कधी ॲक्सिलरेटरला, कधी नव्याकोऱ्या पंपाला. सगळेच साक्षीदार खोटं कसं बोलतील? मास्तरांना वाटलं, ऐकणाराच बहिरा असावा. म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सगळ्या सेन्सरांचं ऐकून इंजिनला हुकूम सोडणारा तो डबा. पण डबा बिघडलेला असेल, तर मुलाच्या हातात शहाण्यासारखा का वागतो?

“ताई, उद्या पहाटे मी तुमच्याबरोबर येतो,” ते म्हणाले.

पहाटे कडाक्याची थंडी होती. बाईंनी गाडी काढली. डॅशबोर्डवर मास्तरांनी चहाचा पेला ठेवला होता, तो हातात धरायचं त्यांना चढ लागल्यावर आठवलं. पेल्यातला थेंबही सांडला नव्हता. बाईंचे गिअर कधी पडतात ते कळतच नव्हतं.

टेकडी लागली तशी बाईंनी डॅशबोर्डवरचं बटण फिरवलं. पायांवर गरम हवा येऊ लागली आणि बाईंनी डावा गुडघा हळूच तिकडे वळवला.

“गुडघा दुखतो का?”

“मास्तर, एवढं एक विचारू नका.”

मास्तर गप्प बसले. चौकशीमास्तर गप्प बसले, ही त्या टेकडीवरची मोठीच घटना. आणखी दोन वळणं झाली आणि गाडी आचका देऊन बंद पडली. बाईंनी ती शांतपणे कडेला घेतली. मास्तरांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. हवेची नळी वाकणावर फुटली होती, आणि निम्मी गरम हवा थेट कॉम्प्युटरच्या डब्यावर येत होती.

“मुलगा हे बटण कधीच लावत नाही का?”

“तो? तो काच उघडी टाकून जातो, गाणी लावून.”

“सापडलं!” मास्तर पोरासारखे हसले. बाई हसल्या नाहीत.

“मास्तर, गुडघ्याचं त्याला सांगू नका. कळलं तर किल्ली काढूनच घेईल. दिवसभर मला सगळे काही ना काही विचारत असतात. या सीटवर बसते, तेवढा वेळ माझा असतो.”

मास्तरांनी मान डोलावली.

गॅरेजात येऊन त्यांनी शेजारच्या न्हाव्याकडून केस वाळवायचं यंत्र मागून आणलं. “गाडीला अंघोळ घातली वाटतं?” न्हावी म्हणाला. इंजिन चालू ठेवून मास्तरांनी डब्यावर गरम हवा सोडली, तर इंजिन बंद. वारा घातला, तर चालू. न्हावी केस अर्धे कापलेलं गिऱ्हाईक सोडून बघत राहिला. डबा खोलल्यावर भिंगाखाली सोल्डरिंगच्या एका टाक्याभोवती केसाएवढी चीर दिसली. तापली की उघडायची, निवली की मिटायची. नुसती डागडुजी करून एवढा बोजा टेकडीवर पाठवायला मास्तरांचं मन धजेना. त्यांनी त्याच नंबरचा नवा डबा मागवून बसवला.

नवा डबा घरात आलेल्या नव्या सुनेसारखा. जुनी किल्ली ओळखेना. स्टार्टर फिरायचा, इंजिन घेईना. मास्तरांनी लॅपटॉप जोडून दोघांची ओळख करून दिली, तेव्हा कुठे गाडी गुरगुरली. मग फुटकी नळी बदलली आणि डब्यापुढे पत्र्याची आडोशाची पट्टी ठोकली.

रविवारी मायलेक गाडी न्यायला आले. मुलगा वाकून बघू लागला.

“डबाच खराब होता? मग माझ्या हातात का नाही बंद पडली? आणि हा पत्रा कशाला?”

आता आली का पंचाईत! जन्मभर लोकांना ‘का’ विचारलेल्या माणसाला आज ‘का’चं उत्तर देता येईना. गाडीबद्दल ते कधी खोटं बोलले नव्हते. “अरे, ते... असतं असं कधी कधी,” ते पुटपुटले आणि उगाच फडक्याने स्वच्छ पाना पुसू लागले.

बाईंना ते बघवलं नाही.

“माझा गुडघा दुखतो,” त्या मुलाला म्हणाल्या. “दोन हिवाळे झाले. मी पायावर गरम हवा लावते, ती त्या डब्यावर जायची. तू लावत नाहीस. म्हणून तुझ्याकडे बंद पडायची नाही.”

मुलगा आईकडे वळला. “मग सांगितलं का नाहीस? मी तुला काय काय बोललो...”

“सांगितलं असतं तर थांबवलं असतंस. दुखतो, पण क्लच दाबतो. हे बसले होते शेजारी, यांना विचार.”

मुलाने मास्तरांकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

“डॅशबोर्डवर भरलेला पेला होता. टेकडीच्या चढावर थेंब सांडला नाही. तू चालवताना ठेवून बघ.”

मुलाची मान खाली गेली. मग त्याने गाडीची किल्ली आईच्या हातात दिली आणि स्वतः पलीकडच्या दाराने जाऊन बसला.

“त्या ड्रायव्हरला नको म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “पण आई, दुखायला लागलं की सांगायचं. तिथल्या तिथे.”

“सांगीन,” बाई म्हणाल्या आणि गाडी सुरू केली.

मुलगा डॅशबोर्डवरची बटणं चाचपडत होता. इतकी वर्षं त्या गाडीत बसूनही कुठलं बटण कशाचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

“पायावरची हवा कुठून लावतात गं?”